नख्या, कल्ले, आडनाव

"अभिनंदन, ताई," जनुक म्हणाला, आणि मी चहाचा कप हातात धरून त्याच्याकडे नुसती बघत राहिले, कारण त्या आठवड्यात अभिनंदन करण्यासारखं माझ्या आयुष्यात काहीही घडलेलं नव्हतं. जनुक हे त्याचं खरं नाव नव्हे. दिवसभर किड्यांचे पाय कुटून तो त्यातले जनुक वाचत बसतो म्हणून ते नाव मीच ठेवलंय, आणि त्यालाही ते मनातून आवडतं. "सरांनी सांगितलं नाही तुम्हाला? ओढ्यातल्या त्या नव्या किड्याला, मेफ्लायला, तुमचं नाव दिलंय. लेख छापायला गेलासुद्धा." चहाच्या खोलीतले बाकीचे उठून आले. संग्रहालयातल्या पक्षीवाल्या बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की, आता तुम्ही अमर झालात. मी हसले. हसू येत नसताना तोंड हसल्यासारखं करायला गालांना केवढी मेहनत पडते ते मला त्या वेळी कळलं. मग मी अगदी सहज, साखर मागावी तसं विचारलं की लेखक कोण कोण आहेत. जनुकने कपात पाहिलं. "सर," तो म्हणाला, "आणि मी."

हा धंदा ज्यांचा नाही त्यांना यात रागावण्यासारखं काय आहे ते कळणार नाही, आणि मला समजावत बसायचा कंटाळा आहे, तरी सांगते. नवी जात सापडली की तिचं वर्णन लिहायचं, ते छापायचं, आणि जो ते लिहितो त्याचं नाव त्या जातीच्या नावापाठोपाठ कायमचं लागतं. पुढं शंभर वर्षांनी कुणी त्या किड्याचा उल्लेख केला तरी मागोमाग त्याचाही होतो. आता जातीला कुणाचंही नाव द्यावं, गुरूचं द्यावं, बायकोचं द्यावं, स्वयंपाक्याचं द्यावं. फक्त स्वतःचं देऊ नये. तसा लेखी कायदा नाही, पण स्वतःच्या विनोदावर स्वतःच टाळ्या वाजवण्यासारखं ते मानतात. म्हणजे ज्याच्या नावाचा सन्मान करायचा, तो माणूस लेखकांच्या यादीतून आपोआप बाहेर. कुणाला त्याला काढावं लागत नाही, कुणाला वाईट व्हावं लागत नाही. पाठीवर थाप मारता मारता मला दाराबाहेर ढकललं होतं, आणि बाहेर उभी राहून मी आभार मानत होते.

माझ्या टेबलाशी येऊन बसले तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली कालचीच अळी होती. डाव्या जबड्याचे दात मोजायचे राहिले होते. मी मोजायला लागले, कारण हातांना दुसरं काही येत नाही. ही अळी मला पहिल्यांदा सापडली तेव्हा सर रक्त तपासायला गेले होते. शहराच्या मधून जो ओढा वाहतो, टायरच्या गोदामांच्या मागून, शाळेच्या भिंतीला लागून, त्यात घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहून मी पायाने दगड ढवळत होते आणि खालच्या अंगाला जाळं धरलं होतं. आमच्या कामात निम्मी विद्या पायांत असते. जाळ्यातला गाळ पांढऱ्या ताटलीत ओतायचा आणि थांबायचं. आधी सगळा नुसता चिखल असतो. मग चिखलातला एक कण पळतो. नखाएवढी, तीन शेपट्यांची, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले असलेली आणि ते कल्ले सारखे थरथरवणारी अळी. तिच्या जवळच्या सगळ्या जातींना कल्ल्यांच्या सात जोड्या असतात, हिला सहाच होत्या. वाटलं एखादी तुटली असेल. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. शाळेतली मुलं भिंतीवरून विचारत होती की मासे मिळाले का, आणि मी ओढ्यात उभी राहून एकटीच मोठ्याने हसत होते. लोक मेफ्लायबद्दल ऐकतात तेव्हा हळहळतात, अरेरे, एका दिवसाचं आयुष्य. त्या माणसांचा मला नेहमीच राग येतो. पंख फुटल्यावर एक दिवस. त्याआधी वर्षभर ती दगडाखाली असते, शेवाळ खरवडते, वाढते, पुन्हा पुन्हा कात टाकते, माशांच्या तोंडातून वाचते. ते आयुष्य नव्हे का? ते कुणी पाहिलं नाही म्हणून ते मोजायचं नाही? इतकी वर्षं मी हा राग हसण्यावारी नेत होते. त्या दिवशी जबड्याचे दात मोजताना तो राग कुणासाठी होता ते मला स्वच्छ दिसलं.

कारण ती अळी मी उकलली होती. वरचा ओठ, खालचा ओठ, दोन जबडे, सगळे सुईच्या टोकाने सुटे करून काचपट्टीवर मांडायचे, श्वास रोखून, कारण उच्छ्वासाने ओठ उडून जातो आणि मग तो गालिच्यावर शोधता येत नाही. नख्यांवरचे दात, कल्ल्यांच्या कडांचे कंगोरे, मांडीवरचे केस, सगळी चित्रं माझी. मान कायमची डावीकडे कलली ती त्यातच. डॉक्टर म्हणतात मणके झिजलेत, मी म्हणते ते त्या लेखात आहेत. आणि सर? सर वाईट नाहीत, हीच तर चीड आहे. वाईट असते तर मी त्यांना कधीच ओळखलं असतं. सुई कशी धरायची ते त्यांनी शिकवलं, माझ्या हातावर हात ठेवून नव्हे, शेजारी बसून स्वतःची सुई धरून. "आधी बघ, मग बोल," एवढंच ते म्हणायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी मला एका जुन्या ग्रंथातलं चित्र उतरवून काढायला बसवलं होतं. फार पूर्वी कुणा तारखात्यातल्या हौशी माणसाने दिव्यावर आलेला एक मेफ्लाय नर पकडून त्याला नाव दिलं होतं, त्या नराच्या शेपटीखालच्या चिमट्याचं ते चित्र. मेफ्लायचे नर त्या चिमट्यांवरून ओळखतात. या चिमट्याला आतल्या बाजूला अंगठ्यासारखा एक उंचवटा होता, आणि तो काही केल्या मला जमेना. सरांनी तो माझ्याकडून पुन्हा पुन्हा काढून घेतला. माझे वडील गेले तेव्हा दार वाजवून आत येणारा पहिला माणूस सर होते. अशा माणसावर रागावणं म्हणजे आपल्याच हाताला चावणं, आणि तरी मी रागावले होते, दात दुखेपर्यंत.

दुपारी ते स्वतःच आले. "आवडलं?" त्यांनी विचारलं. वाढदिवसाची भेट देणाऱ्याचा चेहरा होता. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, निरोपाच्या समारंभात ही जात जाहीर करायची होती, तेही त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, सर, मला लेखकांत का नाही घेतलं?

"अगं, स्वतःचंच नाव स्वतः कसं देणार? लोक हसतील तुला."

"मग दुसरं नाव द्या."

"तुझ्याहून योग्य नाव कुठलं असणार?" ते म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. मग त्यांनी मला हेही समजावलं की नाव काय द्यायचं हा हक्क लेखकाचा असतो, ज्याचं दिलं त्याचा नसतो. नाही म्हणायची सोय नसते, कारण नाही कोण म्हणणार? एखाद्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवावं आणि खालून शिडी न्यावी, वर वाऱ्याला बसून तो म्हणेल तरी काय. मी मान डोलवली. ती डावीकडे कलली होती, त्यांना तो होकार वाटला असेल.

घरी चालत गेले. रस्त्यात मला प्रत्येक पाटी वाचावीशी वाटत होती. अमुक आणि मुलगे, तमुक बंधू, एका बेकरीवर कुणा बाईचं नाव गुलाबी अक्षरांत. त्या बेकरीपाशी मी थांबले आणि उगाच आत डोकावले. गल्ल्यावर एक मिशीवाला माणूस बसला होता. तो म्हणाला, काय हवंय, आणि मी म्हटलं, काही नाही, आणि त्या म्हणण्यात एवढा विखार होता की तो दचकला. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

आमचंही दुकान होतं. शिंप्याचं. वडिलांनी त्याला आईचं नाव दिलं होतं, पाटीवर सोनेरी अक्षरांत, कोपऱ्यात एक कात्री. येणारी जाणारी माणसं म्हणायची, बायकोवर केवढा जीव आहे बघा. जीव होताच, मी नाही म्हणत नाही. वडील पुढं उभे राहून मापं घ्यायचे आणि गिऱ्हाइकांशी बोलायचे, बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आई आतल्या खोलीत बेतायची आणि कापायची. कोटाच्या खांद्याला ती जी गोलाई द्यायची ती शहरात कुणालाच जमत नव्हती. लोक त्या खांद्यासाठी यायचे आणि वडिलांना सांगून जायचे, तुमच्या हातात जादू आहे. वडील हसायचे. मी शाळेतून येऊन आईच्या पायांशी चिंध्यांत बसायची, आणि वर कात्रीचा कर्रकर्र आवाज चालू असायचा, आणि पुढून "तुमच्या हातात" ऐकू आलं की तो आवाज क्षणभर थांबायचा. क्षणभरच. मग पुन्हा चालू. तो थांबलेला आवाज मला त्या संध्याकाळी पुन्हा ऐकू आला, मी तो लहानपणी ऐकला होता हेही मी विसरले होते. पुढं वडिलांनी दुकान विकलं ते पाटीसकट. घेणाऱ्याने नाव ठेवलं, नाव चांगलं चालणारं होतं. अजून ती पाटी तिथंच आहे, आणि आई बाजारातून येताना वळसा घालून येते.

आईला मी सांगितलं तेव्हा ती मटार सोलत होती. तिनं ऐकून घेतलं, अभिनंदन केलं नाही. "म्हणजे पाटी," ती म्हणाली.

"हो."

"मला तिघीचौघींनी सांगितलं होतं तेव्हा, नशीब काढलंस. मलाही वाटायचं, आहे ना पाटी, आणखी काय हवं." ती सोलत राहिली. "दुकानाची किल्ली यांच्या खिशात असायची. यांना उशीर झाला की मी पायरीवर उभी राहायची. पाऊस असो, ऊन असो. डोक्यावर माझंच नाव, आणि आत जाता येत नाही. येणारे जाणारे वर बघायचे, मग माझ्याकडे बघायचे." मी विचारलं, मग मागायची होतीस किल्ली. ती म्हणाली, "कशी मागणार? एवढं नाव दिल्यावर?" आणि तिला राग आला नाही, याचा मला एवढा राग आला की मी उठून खिडकी लावली, ती लावलेलीच होती.

स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला माझी काचेची पेटी आहे. माशांच्या पेटीचा पंप, ओढ्यातले दगड, ओढ्यातलं पाणी, आणि सहा कल्लेजोड्यांच्या अळ्या. सरांच्या मते या उठाठेवीची गरज नव्हती. अळीवरून जात सांगता आली पाहिजे, असं ते म्हणत, आणि लेखही नुसत्या अळ्यांवरच लिहिलेला होता. पण मला तिचे पंख पाहायचे होते. पाळलेल्या बहुतेक मेल्या. एकीच्या पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या काळ्या पडत चालल्या होत्या, म्हणजे आता दिवस भरले. शनिवारी संध्याकाळी मी ओट्याशी उभी राहून सरांना मनातल्या मनात बोलत होते, जे जे तोंडावर बोलता आलं नाही ते सगळं, आणि तेवढ्यात ती पाण्याच्या वर आली, पाठ फाटली, आणि त्या फटीतून एक राखाडी, ओलसर, पंखांचं काहीतरी निघून काचेवर चढलं. माझं बोलणं थांबलं. आईने भांड्यावर झाकायची जाळी आणून दिली. मेफ्लाय पंख फुटल्यावरही आणखी एकदा कात टाकतो, दुसरा कुठलाही किडा असं करत नाही. सकाळी जाळीच्या आत काचेसारख्या स्वच्छ पंखांचा एक नर बसला होता, डोक्यावर दोन टोप्या चढवल्यासारखे नारिंगी डोळे घेऊन. त्याला तोंड नसतं. शेजारी कालचं आणि आजचं अशी दोन रिकामी अंगं.

घरचा जुना सूक्ष्मदर्शक मी काढला. आधी पाण्यातली कात पाहिली. कल्ल्यांच्या सहा जोड्या, नख्यांवर तेच दात, म्हणजे जात तीच, शंकाच नको. मग नराला उलटा केला. आणि चिमट्याच्या आतल्या बाजूला अंगठ्यासारखा उंचवटा होता. मी भिंगावरून डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. पेन्सिल न घेताच माझा हात टेबलावर फिरायला लागला, कारण ती रेघ माझ्या हातात इतक्या वर्षांपासून बसलेली होती. तारखात्यातल्या माणसाचा नर. त्याची अळी आजवर कुणी पाहिली नव्हती, आणि आम्ही ती पाहून नवीच जात समजलो. नर दिव्यावर पकडलेला, अळी दगडाखाली, दोघांची कधी गाठ पडली नाही, आणि एकाच किड्याला दोन नावं पडली. आमच्यातच होऊ शकणारी चूक. अशा वेळी आधीचं नाव खरं धरतात आणि नंतरचं रद्द होतं. नंतरचं म्हणजे माझं. मी एवढी हसले की आई हात पुसत बाहेर आली.

सांगायचंच नाही, असं मी रविवारभर ठरवत होते. छापू दे. समारंभ होऊ दे, टाळ्या वाजू देत, मग मी एका पानाचं टिपण लिहीन आणि निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात त्यांची शेवटची जात पुसून टाकीन. मला ते हवं होतं. जिभेवर त्याची चव आली होती. मी चांगली आहे म्हणून तो बेत सोडला असं नव्हे. पण मला त्याहून जास्त एक गोष्ट हवी होती, त्यांनी बघायला हवं होतं. माझ्या शेजारी बसून, भिंगाला डोळा लावून, मी काय पाहिलंय ते त्यांनी पाहायला हवं होतं.

सोमवारी मी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. नर, दोन्ही काती, सगळं सांगितलं, कुठल्या ग्रंथातलं चित्र तेही. ते ऐकताना खुर्चीत थोडे मागे सरले. त्यांनी बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. सूक्ष्मदर्शक त्यांच्या कोपराशी होता, दिवा चालू होता.

"बघा ना सर."

"एका नरावरून?" ते म्हणाले. "पेटीत दुसऱ्या जातीची अळी आली असेल."

"कात आहे सोबत. कल्ले मोजा."

त्यांनी बाटली खाली ठेवली. भिंगाखाली नव्हे, माझ्या बाजूला. मला त्या वेळी कळलं की त्यांनी ओळखलंय. तो उंचवटा त्यांच्याही हातात बसलेला होता, त्यांनीच तर तो माझ्याकडून काढून घेतला होता, आणि डोळा लावला असता तर त्यांना बोलावं लागलं असतं. "समारंभ होऊ दे," ते म्हणाले, "मग निवांत बघू. आणि तुला काय गं एवढी घाई? नाव तुझं आहे. तूच पुसणार?"

"तुम्ही थांबवलं नाहीत तर मीच पुसणार," मी म्हटलं. "एकटीच्या नावाने लिहीन. तेव्हा म्हणू नका की सांगितलं नव्हतं."

सर चष्मा काढून पुसत बसले, खूप वेळ. ते म्हातारे दिसत होते आणि मला दया यायला हवी होती. आली नाही. येईलही पुढंमागं, त्या दिवशी मला माझा राग पुरा हवा होता. बाटली उचलून मी निघाले. दारात जनुक भेटला, त्याने तोंड उघडलं, मी म्हटलं, बाळा, तू लेखक आहेस ना, जा आत आणि बघ, कुणीतरी बघायला पाहिजे. तो आत गेला की नाही ते मी वळून पाहिलं नाही.

घरी मी नर आणि काती नव्या अल्कोहोलमध्ये घातल्या आणि चिठ्ठी कापली, बोटाच्या पेराएवढी, ती बाटलीच्या आत जाते. ओढ्याचा ठिकाणा लिहिला. तारीख लिहिली. जातीचं नाव लिहिलं, जुनं, खरं, तारखात्यातल्या माणसाचं. आई चष्मा लावून शेजारी बसून बघत होती. बारीक कामावर तिची नजर अजून ठरते.

"पेन्सिलीने का लिहितेस?" तिनं विचारलं. "पुसलं जाईल."

"नाही जात. अल्कोहोलमध्ये शाई विरघळते. पेन्सिल राहते. शंभर वर्षं राहते."

तिनं चिठ्ठी उचलून डोळ्यांजवळ धरली. "यात तुझं नाव कुठंय?"

सगळ्यांत खाली एक ओळ असते. हा किडा कोणता हे कुणी ठरवलं, त्या माणसाची. मी चिठ्ठी तिच्या हातातून घेतली आणि त्या ओळीवर लिहायला लागले, पहिलं नाव, मग आडनाव, जातीच्या नावात लावतात ते लॅटिन शेपूट न लावता, आणि इतकं दाबून की मधेच टोक मोडलं. आईने पेन्सिल घेतली, तिच्या जुन्या पात्याने टोक काढून परत दिली, आणि मी उरलेलं आडनाव लिहिलं.